जुना रंग पत्र्यापर्यंत काढायचा की नुसता घासायचा? (बोलेरो, डावा फेंडर आणि दार)

इंदिरानगरकर:
मंडळी, सल्ला हवाय. २०१२ ची पांढरी बोलेरो आहे. पिंपळगावच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली मागे येताना डाव्या बाजूला घासली. फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) बऱ्यापैकी दबलाय. दारावर हातभर लांब ओरखडा आहे आणि मधे पत्रा दिसतोय.

नाशिकमध्ये दोन ठिकाणी दाखवली. द्वारकेजवळचा पेंटर म्हणतो, "रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) मारतो, सगळा पत्रा उघडा करतो, मग बघा गाडी." अंबड लिंक रोडवरचा म्हणतो, "कशाला? चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासू, पुट्टी भरू, रंग मारू, परवा घेऊन जा." पैशांत जवळजवळ दुपटीचा फरक. दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम. फेंडरवर, चाकाच्या कमानीपाशी, रंगाला बारीक फुगे आधीपासूनच होते. कुणाचं ऐकू? पाऊस तोंडावर आलाय.

पत्रा_ठोक:
दुसऱ्याकडे टाका आणि मोकळे व्हा. एवढी जुनी बोलेरो काय प्रदर्शनात ठेवायचीय?

एमएच१५:
विम्याचा क्लेम करणार असाल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पेपरसुद्धा लावू देऊ नका. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर रंगाच्या मटेरिअलवर ५० टक्के घसारा कापतात. मजुरी आणि मटेरिअल मिळून एकच रक्कम बिलात असेल, तर त्यातला २५ टक्के भाग मटेरिअल धरतात. म्हणून बिल फोडून घेण्याआधी हिशोब करा. पांढऱ्यावर पांढराच मारणार असाल तर आरटीओत जायची गरज नाही. रंग बदललात तर आरसीवर नोंद लागेल.

इंदिरानगरकर:
क्लेम करत नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) घालवायचा नाही. रंग तोच ठेवणार.

रंगारी_सातपूर:
दोन्ही पेंटर फेंडर आणि दार एकाच मापाने मोजतायत, घोळ तिथे आहे. मी सातपूरला एका पेंटशॉपमध्ये उभा जन्म काढला, आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

कंपनीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली फॉस्फेटची प्रक्रिया असते आणि तिच्यावर ई-कोट. अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने हा थर चढवतात, मग भट्टीत भाजतात. दाराच्या दुमडीत गनचा फवारा पोचत नाही, तिथेही हा पोचतो. त्याच्यावर सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारं अस्तर), मग रंग, मग बहुतेक गाड्यांना क्लिअर (पारदर्शक चकाकीचा थर). सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडं जास्त. त्यात ई-कोट जेमतेम २० मायक्रॉनच्या आसपास, पण गंज अडवण्याचं खरं काम त्याचंच. एकदा खरवडून टाकला की कुठल्याही गॅरेजमध्ये तो परत चढवता येत नाही. एपॉक्सी प्रायमर (गॅरेजमध्ये मारतात ते गंजरोधक अस्तर) चांगला असतो, पण तो त्याच्या जागी ठेवलेला बदली माणूस. त्यामुळे "सगळा पत्रा उघडा करतो" हे ऐकायला भारदस्त वाटलं तरी, धड बसलेला ई-कोट काढायचे पैसे देणं मला पटत नाही.

आता अंबडवाल्याचं. रंगाला फुगे आले म्हणजे खालचा थर पत्र्यावरून सुटलाय, बहुतेक आत गंज धरलाय. त्याच्यावर चारशेचा पेपर फिरवून वर कितीही महागाचा रंग मारा, एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात तो खालच्या थरासकट उठणार. नवा रंग जुन्या थराला धरून असतो. तो जुना थरच सुटला की नव्याचा काय उपयोग?

म्हणून किती काढायचं ते गाडीलाच विचारा. दोन गोष्टी करून इथे सांगा.

एक, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे जाडी मोजायचं यंत्र असतं, ते छतावर, दारावर आणि फेंडरवर चार-पाच जागी टेकवा. छत सहसा कुणी रंगवलेलं नसतं, तुलनेला तेच घ्या.

दोन, टेपची परीक्षा. ओरखड्याच्या जवळ, जी जागा तशीही घासली जाणार आहे तिथे, नव्या ब्लेडने पत्रा लागेपर्यंत पाच-सहा उभ्या आणि तेवढ्याच आडव्या चिरा द्या, एक-दोन मिलिमीटर अंतराने. बारीक चौकटी तयार होतील. वर चांगली चिकटणारी टेप नखाने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर थर शाबूत आहे. टेपला टिकल्या चिकटून आल्या तर तिथला रंग गेला समजा.

जुनाट_चेतक:
काका, मधेच घुसतो, माफी. माझ्या चेतकवर आधीच्या मालकांनी कितीदा रंग मारलाय देव जाणे. निळ्याखाली हिरवा, त्याखाली आणखी कुठला तरी. थर कशाचा आहे हे कसं ओळखायचं?

रंगारी_सातपूर:
कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून कोपऱ्यात मिनिटभर धरा आणि पुसा. रंग सरळ विरघळून बोळ्यावर आला तर एनसी लॅकर आहे. सुरकुतला, फुगला तर सिंथेटिक इनॅमल, किंवा नीट न सुकलेलं काहीतरी. ढिम्म राहिला तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग. पहिल्या दोन प्रकारांवर थेट पीयू मारलात तर त्याचं थिनर खालचा थर उचलतं आणि सगळीकडे सुरकुत्या पडतात. तुमच्या स्कूटरवर तीन-तीन थर साचलेत, तिथे मात्र मी पत्र्यापर्यंत जाईन. चेतकची बॉडी पत्र्याची आहे, भागही सुटे होतात, काम सोपं आहे. रंग फार जुना असेल, त्यातही पिवळा-लाल असेल, तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा आली तीच २०१६ च्या नियमांनी, आणि तो नियम गाड्यांच्या रंगांसाठी नाही.

इंदिरानगरकर:
आकडे आले. छत ११० ते १२० मायक्रॉन. दार १२५ च्या आसपास, सगळीकडे सारखंच. फेंडर वरच्या बाजूला ४००-४५०, आणि कमानीपाशी हजाराच्या वर! तिथे लोहचुंबकही धड चिकटत नाही. गाडी मी २०१६ मध्ये सेकंडहँड घेतली, फेंडरचं काम झाल्याचं तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

टेप: दारावर एकही टिकली उठली नाही. फेंडरवर निम्म्या चौकटी टेपबरोबर आल्या, आणि त्यांच्या पाठीला करडा प्रायमरही चिकटलेला.

पत्रा_ठोक:
बरं, फेंडर गेला म्हणायचा. मग ग्राइंडरला ३६ नंबरची खरखरीत डिस्क लावा, अर्ध्या तासात चकाचक पत्रा. रिमूव्हरचा चिकचिकाट कशाला?

रंगारी_सातपूर:
भाऊ, तो पत्रा पाऊण मिलिमीटरचा असतो, तवा नव्हे. ३६ ची डिस्क एका जागी दोन सेकंद जास्त थांबली की तापून ताणला जातो. मग तो बोटाने दाबला की आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. डेंटरला विचारा, असा पत्रा परत बसवायला काय घाम गाळावा लागतो ते. शिवाय ३६ चे चर इतके खोल की पुट्टी आणि सरफेसर सुकून बसले की महिन्याभराने उन्हात रंगातून वर दिसायला लागतात. ग्राइंडर वापरायचाच तर काळी जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क लावा, वेग कमी ठेवा आणि हात सतत हलता ठेवा. ती रंग खाते, पत्र्याला फार चावत नाही.

द्राक्षबाग:
आमच्या ट्रॉलीची चेसिस सँडब्लास्ट करून घेतली होती, एकदम कोरी निघाली. फेंडर तसाच दिला तर?

रंगारी_सातपूर:
चेसिस, चाकाच्या रिमा, जाड अँगल यांना ब्लास्टिंगसारखं काही नाही. फेंडरच्या सपाट पत्र्याला नको. वाळूच्या माऱ्याने तो लाटांसारखा वाकडा होतो.

रसायन_ताई:
रिमूव्हरचं नाव निघालंच आहे तर मला बोलू द्या. मी रसायनशास्त्र शिकवते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी हे डबे उघडून बसतं तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

पटकन काम करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं, डब्यावर कधी मिथिलीन क्लोराईड लिहितात. त्याचा उत्कलनबिंदू ४० अंशांच्या जरासा खाली. मे महिन्यात नाशिकची दुपार चाळिशीला टेकते, म्हणजे डबा उघडल्या उघडल्या वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. गॅरेजच्या खड्ड्यात किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये ती जात नाही, बसून राहते. श्वासातून गेलेल्या डायक्लोरोमिथेनचं शरीरात काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साईड होतं. बंद जागेत काम करताना माणसं दगावलेली आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकाला असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली ती याच कारणाने.

साधा मास्क किंवा एन-९५ इथे काही कामाचा नाही, ते धुळीसाठी असतात. निळे नायट्राईलचे हातमोजेही हे द्रव मिनिटांत पार करतं. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले रिमूव्हर मिळतात, त्यांना तासन् तास लागतात, पण घाई नसेल तर तेच घ्या. तेही उघड्यावर, सावलीत, आणि डोळ्यांना चष्मा लावून.

आणि हात जोडून सांगते, खरवडलेला लगदा गटारात सोडू नका. इंदिरानगर-मुंबई नाका पट्ट्यातलं पाणी नासर्डीला जातं आणि नासर्डी गोदावरीला. लगदा वाळवून डब्यात बंद करा आणि घंटागाडीवाल्यांना वेगळा द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते.

इंदिरानगरकर:
ताई, धन्यवाद. मी स्वतः रिमूव्हर लावणार नाही, पेंटरकडूनच करून घेईन. पण समोर उभं राहून काय बघायचं ते कळायला हवं. काका, आता क्रम सांगा.

रंगारी_सातपूर:
आकडे आल्यावर विषय सोपा झाला. फेंडर पत्र्यापर्यंत, दार फक्त ओरखड्यापुरतं. द्वारकावाला फेंडरच्या बाबतीत बरोबर आहे, अंबडवाला दाराच्या.

सगळ्यात आधी धुवा, आणि मग वॅक्स-ग्रीस काढायच्या क्लीनरने पुसा. पेपर लावण्याआधी. ही पायरी निम्मे पेंटर शेवटी करतात. गाडीवर टायर पॉलिश, डॅशबोर्डचा स्प्रे, वॅक्स असं सिलिकॉनवालं काहीतरी बसलेलं असतं. आधी घासलं की तेच पेपरच्या चरांत भरलं जातं आणि रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. एका फडक्याने लावायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकच फडकं फिरवत बसलं तर घाण नुसती जागा बदलते.

फेंडर: बोलेरोचा फेंडर बोल्टवर आहे, सोडवून घ्या. दाराच्या आणि बॉनेटच्या कडा वाचतात, आतली बाजूही दिसते. कमानीपाशी पुट्टी आहे, तिला रिमूव्हर लावू देऊ नका. ती ते पिऊन बसते आणि नंतर नव्या रंगाखालून बाहेर टाकते. पुट्टी ८० च्या पेपरने किंवा स्ट्रिपिंग डिस्कने कोरडीच उतरवायची, तोंडावर एन-९५ लावून. उरलेल्या भागावर आधी ८० ने ओरबाडायचं म्हणजे रिमूव्हर आत शिरतो. कडांवरची दुमड टेपने झाकायची, तिथे शिरलेला रिमूव्हर धुऊन निघत नाही. ब्रशने जाड थर एकाच दिशेने द्यायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही. वर मेणाचा पापुद्रा धरतो आणि तोच वाफ अडवतो, ब्रश फिरवला की तो मोडतो. वर प्लॅस्टिकचा कागद टाकला तर आणखी बरं. रंग सुरकुतून वर आला की बोथट पट्टीने काढायचा. नाही आला तर जोर लावण्याऐवजी दुसरा हात द्यायचा. मग डब्यावर लिहिलंय त्याप्रमाणे धुणं, कोरडं करणं, कडा ८० ने हाताने घासणं, थिनरने पुसणं.

गंज निघाला तर तो चमकता पत्रा लागेपर्यंत घासायचा. खोल काळे ठिपके राहिले तर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावा, पण ते पूर्ण धुऊन वाळवा. आम्ल राहिलं तर एपॉक्सी धरत नाही. पत्रा कुजून भोक पडलं असेल तर पुट्टीने बुजवू नका. नवा फेंडर घ्या, बोल्टचाच तर आहे.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह. जूनच्या दमट हवेत सकाळी बघाल तर तांबूस झाक आलेली असते, आणि जिथे हात लागले तिथे घामाने बोटांचे ठसे गंजतात. त्याच दिवशी ८० ते १८० ने घासून, पुसून, एपॉक्सी प्रायमर. पुट्टी नंतर एपॉक्सीवर भरा. एच (etch, म्हणजे आम्लवाला) प्रायमर वापरला तर त्याच्यावर पॉलिएस्टर पुट्टी चालत नाही, त्यातलं आम्ल पुट्टीच्या हार्डनरशी भांडतं. आणि पुट्टी पाण्याने घासू देऊ नका! वॉटर पेपर लवकर चालतो म्हणून सगळे तेच करतात, पण पुट्टीला छिद्रं असतात, ती पाणी धरते. तुमच्या फेंडरचे फुगे यातूनच आले असावेत असा माझा दाट संशय आहे.

दार: पत्रा दिसतोय तिथला गंज काढा आणि ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना १२०-१८० ने कडा उतरवा. ऑर्बिटल सँडर असेल तर उत्तम, नसेल तर लाकडी किंवा रबरी ब्लॉकवर पेपर. बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी नाल्या पडतात. नीट उतरलेली कड बघायला सुंदर दिसते. मधे पत्रा, भोवती ई-कोटची गडद रेघ, मग सरफेसरचा करडा पट्टा, मग पांढरा, एकाभोवती एक. प्रत्येक पट्टा अंगठ्याएवढा रुंद हवा. रेघा चिकटून, दाट दिसल्या तर उतार अजून तीव्र आहे. मग डोळे मिटून पातळ फडक्यावरून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसणारी पायरी तळव्याला लागते. पायरी लागली तर पुढे जायचं नाही, सरफेसरने ती बुजत नाही, नुसती झाकली जाते. उघड्या पत्र्यापुरता एपॉक्सी, आणि बाकी दार सरफेसरच्या आधी ३२० ने.

जुनाट_चेतक:
हे सगळं छापून गॅरेजच्या भिंतीला लावावं.

पत्रा_ठोक:
एवढं बघत उभं राहिलं तर पेंटर पळून जाईल, काका.

इंदिरानगरकर:
पेंटर पळाला नाही. द्वारकावाल्याशीच बोललो, फेंडर पूर्ण आणि दार ओरखड्यापुरतं असं ठरलं, पैसेही त्याने कमी केले. फेंडर सोडवला. कमानीतली पुट्टी एका ठिकाणी नखाएवढी जाड निघाली आणि तिच्याखाली गंज ओलसर होता, बोटाला तांबूस चिखल लागला. पत्रा टोकरला तर स्क्रू ड्रायव्हर आरपार. नवा फेंडर मागवलाय.

दाराची प्लॅस्टिकची पट्टी काढली तर आत चिखलाची वडी बसलेली, पण रंग धड आहे. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकंही त्याच चिखलाने बुजलेली होती, तारेने मोकळी केली.

रंगारी_सातपूर:
छान झालं. नव्या फेंडरवर काळा थर असेल. तो ई-कोट आहे की नुसता वाहतुकीपुरता रंग, ते थिनरच्या बोळ्याने बघा. विरघळला तर काढा. ढिम्म राहिला तर ३२० ने खरबरीत करा आणि पुढे जा, पत्र्यापर्यंत जाऊ नका. फेंडरची आतली बाजू आणि बोल्टची भोकं बसवण्याआधी रंगवून घ्या, नंतर हात पोचत नाही.

द्राक्षबाग:
पुढच्या बंपरलाही ओरखडे असतील ना? त्यालाही रिमूव्हर?

रंगारी_सातपूर:
अजिबात नाही. प्लॅस्टिक मऊ पडतं, कधी विरघळतं. हीट गनही नको, आकार बिघडतो. साबणाने धुवा, क्लीनरने पुसा, सुटलेला रंग ३२० ने कडेपर्यंत काढा, उघड्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमर. बंपरचा रंग तसाही वेगळा वाकतो, त्यात लवचीकपणा आणणारं मिश्रण घालतात, ते पेंटरला आठवण करून द्या.

इंदिरानगरकर:
एका गोष्टीवर पेंटरचं आणि काकांचं जमत नाही. तो म्हणतो सरफेसरनंतर थेट ४०० ने पाण्यात घासून रंग मारतो, पांढऱ्याला तेवढं पुरे. मी ६००-८०० म्हटलं तर हसला.

रंगारी_सातपूर:
क्लिअर नसलेला साधा पांढरा असेल तर ४०० वर भागवणारे आहेत, जाड थरात चर बुडतात. तुमच्या पांढऱ्यावर क्लिअर आहे का ते बघा. बॉनेटच्या कोपऱ्यात पॉलिश लावून पांढरं फडकं नको, काळं फडकं घासा. फडक्यावर पांढरं आलं तर क्लिअर नाही. पण पॉलिश स्वतःच पांढरं असेल तर फसाल, रंगीत घ्या. क्लिअर निघाला तर ६०० च्या खाली येऊ देऊ नका. आणि वाद मिटवायचाच असेल तर ४०० ने घासल्यावर सरफेसरवर काळ्या गाईड कोटची (चर दिसावेत म्हणून मारायच्या पातळ रंगाची) हलकी फवारणी करून पुन्हा ६०० चे दोन हात फिरवायला सांगा. काळ्या रेघा उरल्या तर त्याला दाखवा, नाही उरल्या तर मला कळवा.